अण्णांचा ट्रॅक्टर चढाला का उकळतो : प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

वही आज उघडली. गेल्या हंगामात अण्णांचा ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेवर, ओढ्याच्या पुलापलीकडच्या चढाला हटकून उकळायचा. रिकामा जाताना काही नाही. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या असल्या की निम्मा चढ संपतोय न संपतोय तोच रेडिएटरच्या झाकणातून फस्स. मग चाकाला दगड लावायचा, वीस मिनिटं थांबायचं, कॅनमधलं पाणी ओतायचं आणि पुढं निघायचं. मागं खोळंबलेल्या गाड्यांच्या शिव्या वेगळ्या.

यंत्र : तीन सिलिंडर, डिझेल, ३९ हॉर्सपॉवर, वेट लायनर (सिलिंडरची आतली नळी, जिला बाहेरून पाणी थेट भिडतं), २००६ चं. रेडिएटर तांब्या-पितळेचा. पाणी सगळं मिळून नऊ लिटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा निघेल असं मला वाटत नाही.

मी कुपवाड एमआयडीसीत मशिनवर असतो. गावी, म्हणजे भिलवडीच्या अलीकडं, येणं होतं ते रविवारी. तेव्हा हा उद्योग रविवार ते रविवार चालणार आणि ऊसतोडीची टोळी यायच्या आत संपवायचा.

पारावर चौघांना विचारलं, पाच कारणं मिळाली. पंखा लहान आहे. पाणी फिरवणारा पंप गेलाय. हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालची, म्हणजे हेडखालची पट्टी) गेलंय. बॉनेटच्या बाजूच्या जाळ्या काढून टाक. पाचवं ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं : "ट्रॉलीत माल कमी भर की लगा, कशाला इंजिनाला दोष देतोस?" मिस्त्रींचं अगदीच खोटं नाही, पण ते अण्णांना सांगणार कोण?

ठरवलं ते एवढंच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलायच्या आधी-नंतर मोजायचं. सगळं एकदम बदललं आणि बरं झालं, तर कशानं बरं झालं ते कळत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पारावरच यावं लागतं.

पहिला अंदाज मांडून ठेवतो. डिझेल जळून जी उष्णता होते तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा चाकाला मिळतो, एक हिस्सा सायलेन्सरवाटे जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्यातून रेडिएटरला येतो. ३९ हॉर्सपॉवर म्हणजे २९ किलोवॉट. पूर्ण जोरावर असताना पाण्याला २० किलोवॉटच्या आसपास उष्णता उचलावी लागत असणार. घरातले दोन किलोवॉटचे दहा गिझर एकदम चालू ठेवावेत, तेवढी. ती सगळी त्या दीड हात रुंद जाळीतून हवेत गेली पाहिजे.

२२ सप्टेंबर

मोजायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला आणि पहिल्याच तासात त्यानं फसवलं. रेडिएटरच्या वरच्या टाकीचं पितळ एका जागी घासून चकचकीत झालंय, तिथं नेम धरला तर ५२ अंश. झाकण उघडून आत काचेचा थर्मामीटर बुडवला तर ८०. चकचकीत धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही, आजूबाजूचीच परत दाखवतो. काळ्या इन्सुलेशन टेपची चौकोनी चिठ्ठी टाकीवर चिकटवली आणि तिच्यावर नेम धरला : ७८. दोन अंशांचा फरक मला चालेल. टेपच्या चिठ्ठ्या चार ठिकाणी लावल्या. वरची टाकी, खालची टाकी, थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, हेडची बाजू.

पूर्वहंगामी लागणीसाठी शेणखत न्यायचंच होतं. ट्रॉली गच्च भरली आणि तोच ओढ्याचा चढ धरला. हवा २९ अंश. धाकटा भाऊ चालवत होता, मी मडगार्डवर. चढ संपताना थांबून घेतलेले आकडे :

वरची टाकी ९७, खालची टाकी ७०, हेड १०४. काटा लाल पट्ट्यात. झाकणाखाली गुडगुड सुरू.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायची. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. आपल्याकडं उघड्या भांड्यातलं पाणी १०० ला नाही, ९८ लाच उकळतं. म्हणजे ९७ हा आकडा उकळीच्या तोंडावरचा. झाकणानं दाब धरला असता तर त्याला एवढ्यात उकळायचं कारण नव्हतं. त्यावर ०.५ असं कोरलंय, म्हणजे अर्धा बार. तेवढा दाब खरोखर धरला तर पाणी ११० च्या पुढं जाऊन उकळेल.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. वर ९७ आणि खाली ७० म्हणजे २७ अंशांचा फरक. भाऊ खूश झाला, "बघ, रेडिएटर किती गार करतोय!" मला उलटं वाटतं. धडधाकट रेडिएटरमध्ये हा फरक पाच ते दहा अंशांचा असतो. पाणी जाळीत रेंगाळतंय म्हणून ते इतकं गार होतंय. २० किलोवॉट आणि २७ अंश धरून हिशोब केला तर मिनिटाला जेमतेम दहा-अकरा लिटर पाणी फिरतंय. पंपाकडून याच्या तिप्पट तरी अपेक्षा आहे.

म्हणजे पाणी अडतंय, नाहीतर दुसऱ्याच वाटेनं जातंय.

२९ सप्टेंबर

आधी फुकटचं काम. जाळी बाहेरून धुतली. समोरून बघितलं तर स्वच्छ दिसत होती. पंख्याच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारला तेव्हा पुढून पाचटाचा चुरा, चिखलाचे पोपडे आणि एक अख्खं वाळलेलं फुलपाखरू बाहेर आलं. पुढून धुतलं की कचरा आणखी आत बसतो, म्हणून हवेच्या उलट दिशेनं धुवायचं. फवाऱ्याचा जोर बेताचा ठेवायचा, नाहीतर जाळीचे पातळ पत्रे लोळतात. तसे शंभरेक लोळलेले आधीच होते, बोथट सुरीनं सरळ केले. दोन तास गेले.

फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबला तर इंचभर खाली जातोय. अर्धा इंच पुरे. ताणला. पंपाच्या खालच्या भोकातून टिपका नाही, पंख्याला हातानं हलवून खुळखुळ नाही. पंप निर्दोष.

हेड गॅस्केटचा संशय : थंड इंजिनाचं झाकण काढून, पाणी गळ्यापर्यंत भरून इंजिन चालू केलं आणि रेस दिली. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असता तर बुडबुड्यांची रांग लागली असती. दोन-तीन आले नि थांबले. गॅस्केट निर्दोष.

झाकण मात्र गेलेलं. रबर दगडासारखं कडक झालंय आणि मधली छोटी उलटी झडप गंजून चिकटलीय. संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर वरचा होज चिपाडासारखा चपटा झाला होता, त्याचं कारण हेच. पाणी गार होऊन आकसतं, आत पोकळी होते, झडप उघडून हवा आत आली पाहिजे. ती आली नाही म्हणून होजच आत ओढला गेला. नवं झाकण १४० रुपये.

तोच चढ, तेवढंच शेणखत : वर ९६, खाली ६९. एका अंशाचा फरक. पण उकळलं नाही, नवीन झाकणानं दाब धरला. अण्णा म्हणाले, "झालं की मग." झालं नाही. ताप तेवढाच आहे, फक्त वाफ बाहेर दिसत नाही.

६ ऑक्टोबर

थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅटच नाही.

मिस्त्रींना फोन केला. लपवायचं काही नव्हतंच त्यांना : "आरं मीच काढलाय, पाच-सा वर्सं झाली. आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय? पाणी मोकळं फिरंल तेवढं इंजिन गार."

ऐकायला बिनतोड आहे. आणि मिस्त्री ज्या इंजिनांवर शिकले तिथं ते चालूनही जात होतं. आजोबांच्या विहिरीवर जे किर्लोस्करचं इंजिन होतं, त्याला कुठला रेडिएटर नि कुठला थर्मोस्टॅट. (किर्लोस्करवाडी आमच्या शेजारचीच, लक्ष्मणरावांनी १९१० साली माळावर वसवलेली. त्यामुळं या पट्ट्यात इंजिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तेच येतं.) पंपाच्या पाण्यातनंच एक बारीक नळी इंजिनाच्या अंगाला जोडलेली असायची, तापलेलं पाणी दुसऱ्या नळीतनं थारोळ्यात पडायचं. थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं त्याच धारेखाली अंघोळ करायचो. आजोबा धारेखाली हात धरून बघायचे. चटका बसला तर कॉक जरा जास्त उघडायचा. त्यांचा हातच थर्मोस्टॅट होता.

या इंजिनाची गोष्ट वेगळी. तासभर टॉर्च लावून बघितल्यावर डोक्यात शिरली, म्हणून सविस्तर लिहितो. थर्मोस्टॅटच्या घरातून पाण्याला दोन वाटा आहेत. एक वर, होजमधून रेडिएटरकडं. दुसरी तळाशी, अंगठ्याएवढं भोक, तिथून पाणी थेट पंपाकडं परत. हा बायपास. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट वरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासनं आतल्या आत फिरून लवकर तापतं. तापलं की आतलं मेण वितळून फुगतं, दांडी सरकते, वरची झडप उघडते. आणि त्याच दांडीच्या खालच्या टोकाला असलेली थाळी जाऊन बायपासच्या भोकावर बसते. एक दार उघडताना दुसरं लावून घेतो.

थर्मोस्टॅट काढला की दोन्ही दारं कायमची सताड उघडी. पाणी आळशी आहे, जवळची वाट धरतं. तापलेल्या पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात. रेडिएटर जितका तुंबलेला, तितका हा वाटा मोठा. आणि सकाळी उलटा त्रास : इंजिन लवकर तापत नाही, पांढरा धूर सोडतं, अर्धवट जळलेलं डिझेल लायनरवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे गार असायला हवं तेव्हा गरम, गरम व्हायला हवं तेव्हा गार.

मिस्त्रींना हे सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग, "बायपास असतोय त्यात?" एवढंच.

९ ऑक्टोबर, बुधवार

रजा टाकली. रेडिएटर उतरवून मिरजेत रेडिएटरवाल्याकडं नेला. त्यानं वरची टाकी गॅसनं तापवून जोडाचा डाग सोडवला, टाकी उचलून बाजूला ठेवली आणि मला नुसतं बोटानं दाखवलं.

तीन रांगा, प्रत्येकीत ३८ चपट्या नळ्या, एकूण ११४. त्यातल्या ३७ पूर्ण बंद. पांढरट-पिवळा खडा तोंडाशी असा बसलेला की पितळेची कड आणि खडा यांत नखही जात नाही. बाकीच्यांचीही तोंडं निम्मी. बंद नळ्या जास्त करून डाव्या अंगाला, म्हणजे २२ तारखेला थर्मामीटरनं जिथं जाळी गार दाखवली होती तिथंच. मी तेव्हा तो भाग 'चांगला गार' समजलो होतो. तिथं गरम पाणी पोचतच नव्हतं.

एक खपली खिशात घालून आणली. आईनं बघताच ओळखली. "ही तर अंघोळीच्या पाण्याच्या बंबातली." बरोबर आहे, दोन्हीकडं बोअरचंच पाणी. तिनंच लिंबू पिळून दाखवलं, खपली फसफसली. चुनखडी. ओतीव लोखंड उष्णता जेवढी सोडतं त्याच्या तीस-चाळिसाव्या हिश्शानंही ही सोडत नाही. मिलिमीटरभर थर म्हणजे लोखंडाची वीतभर जाड भिंत नसली तरी दोन बोटं नक्कीच.

उकळलं की बोअरचं पाणी ओत, वाफेत पाणी जाणार, क्षार मागं राहणार, पुन्हा ओत. हंगामभरात ऐंशी थांबे धरले आणि दर थांब्याला तीन लिटर, तर अडीचशे लिटर पाण्याचा चुना नऊ लिटरच्या इंजिनात जिरवला आम्ही.

रेडिएटरवाला पातळ पट्टीची सळई नळी-नळीतून घालून साफ करत बसला होता. त्याला सहज सांगितलं की १९०० च्या सुमारास मायबाखनं मर्सिडीजच्या पस्तीस हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी जो मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला त्यात ८,०७० नळ्या होत्या. तो मान वर न करता म्हणाला, "मग साफ करायचे पैसे तसे लावले असतील."

१२ ऑक्टोबर, दसरा

पूजा झाली. ट्रॅक्टरला झेंडूचा हार, तोंडाला रेडिएटर नाही. बोळकं म्हातारं नटवल्यासारखं दिसत होतं. आईला ते अजिबात आवडलेलं नाही.

२० ऑक्टोबर

रेडिएटर बसवला. आता इंजिनाच्या ब्लॉकच्या, म्हणजे मुख्य ओतीव धडाच्या आतला चुना. साध्या पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्त्व विरघळवून भरलं. फरशी धुवायचं ॲसिड वापरायचा सल्ला दोघांनी दिला होता, तो मानला नाही. ते चुन्याबरोबर धातूही खातं. झाकण सैल ठेवलं, कारण फसफसताना वायू होतो. ८० अंशांवर चाळीस मिनिटं चालवलं. पाणी आधी चहासारखं, मग काळं.

खाली करताना ब्लॉकचा कॉक उघडला तर थेंब नाही. आत चिखल बसलेला. तार घालून ढोसला तर एकदम सुटला आणि मनगट भाजलं. थंड होईपर्यंत थांबायचं होतं, एवढं मला कळायला हवं होतं. मग धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं एकदा, साध्या पाण्यानं तीनदा. तिसऱ्या वेळी स्वच्छ आलं.

आणि स्टार्टरच्या मागं टिपका सुरू. ब्लॉकच्या बाजूला जी पत्र्याची वाटीसारखी कोअर प्लग असते ती गंजून चाळण झाली होती. इतकी वर्षं चुन्यानंच भोक धरून ठेवलेलं. स्टार्टर उतरवा, प्लग ठोकून काढा, नवी बसवा. रात्रीचे दहा. अण्णा दोनदा येऊन काही न बोलता बघून गेले.

२७ ऑक्टोबर

नवा थर्मोस्टॅट सांगलीतनं आणला, ८२ चा मागितला होता. बसवायच्या आधी आईच्या दूध तापवायच्या पातेल्यात दोऱ्यानं टांगला, शेजारी थर्मामीटर, दोन्ही तळाला न टेकवता. ७० झाले आणि झडप उघडायला लागली. बाहेर काढून भिंगातनं बघितलं तर कडेवर ७१ कोरलेलं. दुकानदारानं डबी बघून दिला, डबीत भलताच.

बदलून आणायला आठवडा गेला असता म्हणून भावाला लगेच गाडीवर पाठवलं. दुसरा : ८१ ला हलला, ९४ ला पूर्ण उघडला, झडप आठ मिलिमीटर उचलली. बसवला. त्याच्या कडेला जे छोटं हलतं टाचणीसारखं असतं ते वरच्या अंगाला आलं पाहिजे, भरताना कोंडलेली हवा तिथून निसटते.

पातेलं आईनं परत घेतलेलं नाही. ते आता गोठ्यात.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

बोअरचं पाणी या इंजिनाला बंद. सहा लिटर डिस्टिल्ड वॉटर, तीन लिटर कूलंट. भाऊजींनी विचारलं, "इथं कुठं गोठतंय?" गोठण्यासाठी नाही घेतला. उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणीच सरस, कूलंटमधला ग्लायकॉल त्यात थोडा कमीच पडतो. पण त्यातली गंजरोधक द्रव्यं हवीत. वेट लायनरला पाणी थेट भिडतं. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि वर्षानुवर्षं लोखंडाला टाचणीसारखी भोकं पाडतात. साध्या पाण्यात हे जोरात चालतं. लायनर बदलायचा खर्च कूलंटच्या कितीतरी पट.

एक सूचना घरात सगळ्यांना दिली : ग्लायकॉल चवीला गोड आणि जबर विषारी. सांडलेलं कुत्र्यानं चाटलं तर कुत्रं गेलं. उरलेला कॅन माळ्यावर, कुलपात.

भरताना ट्रॅक्टरचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला करून उभा केला, हवा निघावी म्हणून. तरी थर्मोस्टॅट उघडल्यावर पाऊण लिटर आणखी बसलं.

१० नोव्हेंबर

हवा ३१, सप्टेंबरपेक्षा दोन अंश जास्तच. तोच चढ, तीच ट्रॉली, तेवढंच खत. चढ संपताना : वरची टाकी ८९, खालची ८१, हेड ९३.

फरक २७ वरून ८ वर. उष्णता तेवढीच धरली तर आता मिनिटाला पस्तीस-चाळीस लिटर फिरतंय. काटा हिरव्यात मधोमध. सकाळी पांढरा धूरही मिनिटा-दोन मिनिटांत गेला.

पंखा तोच, पंप तोच.

२४ नोव्हेंबर

टोळी आली, ऊस सुरू. आठवड्यात नऊ खेपा, चढाला एकही थांबा नाही. दुपारच्या खेपेला दोन्ही ट्रॉल्या गच्च असताना मी स्वतः वर होतो : ९४. मोकळ्या मनानं लिहितो, मला ९० च्या आत हवं होतं. पण पंख्याभोवतीच्या पत्र्याची एक बाजू वर्षांपूर्वी तुटून गेलीय, तिथून पंखा जाळीतली हवा न ओढता बाजूचीच फिरवतोय. तो पत्रा वाकवून घ्यायचा आहे. शिवाय पाचट जाळीवर आठ दिवसांत पुन्हा बसलं. कारखान्यात गव्हाणीपुढं ऊस उतरवायचा नंबर लागेपर्यंत ब्रशनं झाडायचं काम ड्रायव्हरला लावलंय. तो करेल की नाही, शंका आहे.

बोअरच्या पाण्याचा कॅन त्यानं अजून सीटखालीच ठेवलाय. काढ म्हटलं तर म्हणाला, "असू द्या मालक, प्यायला." त्या कॅनमधलं पाणी कुणी पीत नाही. मी त्यात डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवलं.

मिस्त्री आज वाटेत भेटले. त्यांच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरमधला थर्मोस्टॅटही त्यांनीच काढला होता म्हणे. "आकडा किती म्हणालास, ब्याऐंशी न्हवं?"

बाकी : पंख्याचा पत्रा. खालचा होज दाबला की मऊ लागतोय, १५ डिसेंबरच्या आत बदलायचा. झाकण दर हंगामाला नवं.